निरोप आणि चावडी
(तृतीय वर्ष कला, इतिहास)

गावाला एखादी गोष्ट कळवण्याच्या दोन रीती आपल्याकडे फार पूर्वीपासून चालत आल्या. एक दवंडीची. हलगी वाजवीत माणूस आळीआळीने फिरे आणि ज्याला त्याला आपल्या उंबऱ्यात उभे राहून बातमी ऐकता येई. दुसरी चावडीची. तिथे बातमी कोणाच्या दारी चालत येत नसे. ज्याला गरज असेल त्याने तिथे जायचे, आपले विचारायचे, दुसऱ्याने विचारलेले ऐकायचे आणि मग परत फिरायचे. पहिल्या रीतीत निरोप माणसाकडे जातो, दुसरीत माणूस निरोपाकडे जातो. वरवर पाहता हा फरक किरकोळ आहे. परंतु माणसे एकमेकांना अडीअडचणीत जी मदत करतात, तिचे पुढे काय होते, ती एकालाच मिळून संपते की मागून येणाऱ्यालाही उपयोगी पडते, हे या फरकावर बरेचसे अवलंबून असते, असे मला वाटते.

आजची दवंडी आपल्या खिशातच वाजत असते. वर्गाचा व्हॉट्सॲप गट, वसतिगृहाचा गट, राष्ट्रीय सेवा योजनेचा गट, एस.टी.ने रोज ये-जा करणाऱ्यांचा गट, गल्लीतल्या मंडळाचा गट. एकेका विद्यार्थ्याच्या फोनमध्ये असे दहा-बारा गट सहज निघतील. चावडी मात्र उरलेली नाही. महाविद्यालयात सूचनाफलक आहे, पण तो कार्यालयाने विद्यार्थ्याला सांगण्यासाठी आहे, विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला विचारण्यासाठी नाही. ‘आता गट आहेत, मग आणखी वेगळी जागा कशाला हवी?’ असे पुष्कळ जण विचारतात. त्यांना उत्तर देण्यासाठी हा लेख आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, गट हे हाक मारण्याचे साधन आहे, उत्तर जपून ठेवण्याचे नव्हे. परस्परसाहाय्याला या दोन्ही गोष्टी लागतात. आज आपण पहिलीवरच सगळा भार टाकला आहे.

शिष्यवृत्तीचेच उदाहरण घ्या. महाडीबीटीचा अर्ज भरण्याचे दिवस आले की प्रत्येक वर्गाच्या गटावर तेच ते प्रश्न येऊ लागतात. उत्पन्नाचा दाखला कोणत्या वर्षाचा चालेल? बँकेचे खाते आधारशी जोडलेले आहे की नाही हे कसे पाहायचे? मागच्या वर्षी अर्ज केला होता, तर यंदा नवा करायचा की नूतनीकरण? पहिल्या दिवशी कोणीतरी भला विद्यार्थी सविस्तर उत्तर लिहितो. त्यावर पंचवीस जण अंगठे दाखवतात, मग कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात, क्रिकेटचा धावफलक येतो आणि संध्याकाळपर्यंत ते उत्तर वर कोठेतरी गडप होते. तिसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा येतो. आता उत्तर त्रोटक असते. आठव्या दिवशी ‘वर बघ’ एवढेच. आणि शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री प्रश्न विचारणाऱ्याला उत्तरच मिळत नाही. उत्तर देणारा वाईट नसतो, तो थकलेला असतो. एकच गोष्ट दहांदा सांगायला लावणारी व्यवस्था चांगल्या माणसाचा चांगुलपणा लवकर संपवते.

याहून मोठी अडचण अशी की, गटात जो नाही त्याच्यापर्यंत उत्तर पोहोचतच नाही. जत किंवा कवठेमहांकाळकडून येणारी एखादी विद्यार्थिनी प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत दाखल होते. घरात फोन एकच, तोही भावाकडे. ती गटात येते तेव्हा निम्मे सत्र उलटलेले असते, आणि आपण येण्यापूर्वी गटात काय बोलले गेले ते तिला आपोआप दिसत नाही. तिच्या दृष्टीने मागचे सगळे संभाषण जणू झालेच नाही. दरवर्षी नव्या वर्गाचा नवा गट निघतो आणि गतवर्षीच्या मुलांनी खस्ता खाऊन मिळवलेले शहाणपण त्यांच्याबरोबर निघून जाते. तीन वर्षांत कितीएक अडचणींतून वाट काढून बाहेर पडलेला विद्यार्थी मागच्यासाठी काहीच ठेवून जात नाही, कारण ठेवायला जागाच नसते.

अर्थात निरोपाचे मोल मी कमी लेखत नाही. ऑगस्ट २०१९ चा महापूर आपल्या जिल्ह्यातील कोणीही विसरलेले नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. २००५ च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते, २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेले. अशा वेळी चावडी काय कामाची? चावडीच पाण्यात होती. सांगली नगर वाचनालयासारख्या जुन्या संस्थेत पाणी शिरले आणि तिथली पुस्तके भिजली. ‘अमुक गल्लीत वरच्या मजल्यावर म्हातारी माणसे अडकली आहेत, नाव पाठवा’ ही हाक त्या दिवसांत फलकावर लिहून भागले नसते. ती लोकांच्या हातातल्या फोनवरूनच गेली, आणि ती गेली म्हणून माणसे धावून आली. हाक मारायची तर ती दारोदार, खिशोखिशी गेली पाहिजे, यात शंका नाही.

पण त्याच दिवसांत निरोपाची दुसरी बाजूही दिसली. मदत पोहोचली तरी मदतीची हाक थांबत नव्हती. माणसे सुखरूप बाहेर आल्यावरही त्यांना सोडवण्याचे निरोप फिरत राहत. कारण निरोप एकदा सुटला की तो पाठवणाऱ्याच्या हाती राहत नाही. त्याला परत बोलावून ‘काम झाले’ अशी नोंद त्यावर करता येत नाही. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत रुग्णालयातील खाटा आणि प्राणवायूच्या शोधात असलेल्या महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांनी हाच अनुभव घेतला. फिरत आलेल्या यादीतले फोन लावावेत तर कोणी उचलत नसे, किंवा खाट कालच भरलेली असे. त्या काळात जे स्वयंसेवक खरोखर उपयोगी पडले, त्यांनी एक साधी गोष्ट केली होती. त्यांनी यादी एका जागी ठेवली, प्रत्येक नोंदीपुढे ती केव्हा पडताळली ती वेळ लिहिली आणि संपलेली नोंद काढून टाकली. म्हणजे दवंडीच्या धांदलीत त्यांनी एक लहानशी चावडी उभी केली.

आयर्विन पुलाजवळची पाणीपातळीची मोजपट्टी याच जातीची आहे. ती एका जागी उभी असते. पाणी चढले की तिच्यावरचा आकडा बदलतो, उतरले की पुन्हा बदलतो. जुना आकडा तिच्यावर शिल्लक राहू शकत नाही. उलट तोच आकडा निरोपात लिहून पाठवला की तो त्या घटकेपुरता गोठतो, आणि दुसऱ्या दिवशी कोणाला तरी ताजा म्हणून पोहोचतो. खोटे कोणीच बोललेले नसते, तरीही लोक फसतात.

हा प्रश्न केवळ फोन आल्यामुळे निर्माण झाला, असे मात्र समजू नये. आपल्या मिरजेच्या इतिहासातच त्याचे एक उत्तम उदाहरण आहे. पेशवाईत पटवर्धन सरदार मोहिमेवर असताना त्यांची पत्रे जासुदांच्या हाती सतत जात-येत असत. छावणीतल्या हालचाली, पैशाची ओढाताण, शत्रूची खबर, घरचे क्षेमकुशल, असे सारे त्यांत असे. प्रत्येक पत्र कोणा एकासाठी लिहिलेले. त्याने ते वाचले, त्याप्रमाणे व्यवहार केला, की निरोप म्हणून पत्राचे काम संपले. परंतु ही पत्रे फेकून दिली गेली नाहीत. ती दप्तरात, रुमालात बांधून राहिली. पुढे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी ही मोडी पत्रे चिकाटीने वाचली, लावली, आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने खंडाखंडाने छापून काढली. १९२४ साली ते निवर्तले तोपर्यंत हे काम चालू होते. पानिपतानंतरच्या मराठेशाहीचा अभ्यास करणारा कोणीही आज त्या खंडांकडे वळल्याशिवाय राहत नाही. ज्यांना उद्देशून एकही ओळ लिहिलेली नव्हती, अशा तुमच्या-आमच्यासारख्यांना ती पत्रे वाचता येतात, ती केवळ एका शिक्षकाने विखुरलेले निरोप एका जागी मांडून ठेवले म्हणून. आपल्या गावातील खरे वाचन मंदिरात जाताना ज्यांचे नाव आपण घेतो, त्यांचे हे काम आपण कितपत ध्यानात ठेवतो?

मिरजेचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे येथील दवाखाने. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली येथे रुग्णालय उभारले, १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि रेल्वेचे जंक्शन असल्यामुळे बेळगाव, विजापूर, पंढरपूर अशा चारी दिशांनी रुग्ण येथे येत राहिले. रुग्णाबरोबर येणाऱ्या नातेवाइकांकडे कधी लक्ष देऊन पाहा. सावलीत डबा उघडून बसलेली ही माणसे एकमेकांना जे सांगत असतात, ते कोणत्याही माहितीपत्रकात नसते. कोणता कागद कोणत्या खिडकीवर आधी दाखवायचा, शासकीय योजनेसाठी रेशनकार्डाबरोबर आणखी काय लागते, रात्री अंथरूण टाकायला कोठे परवानगी आहे, कानडीतून मराठीत सांगणारे कोण भेटेल, स्वस्तात पोटभर जेवण कोठे मिळते. आठ दिवस आधी आलेला आज आलेल्याला हे सांगतो. त्यात उपकाराची भाषा नसते. परस्परसाहाय्य म्हणतात ते हेच. पण रुग्ण बरा झाला की नातेवाईक गाडीत बसतात, आणि त्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबर जाते. उद्या येणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिथे एक जाड वही नुसती दोरीने बांधून ठेवली असती आणि जाणाऱ्या प्रत्येकाने तिच्यात चार ओळी लिहिल्या असत्या, तर इतक्या वर्षांत केवढे भांडार साठले असते!

एकट्याने वाचलेला निरोप कधी कधी किती भयंकर ठरतो, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आली आहे या अफवेवरून भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्यांतले बहुतेक आपल्यापासून फार दूर नसलेल्या मंगळवेढे तालुक्यातले होते. मुले पळवणाऱ्यांचे निरोप त्या काळात फोनवरून देशभर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा घातली हे बरेच झाले. पण दुखणे केवळ निरोपाच्या वेगात नाही. अफवा ज्यांच्या ज्यांच्यापर्यंत गेली, त्या सर्वांपर्यंत तिचे खंडन त्याच वाटेने जात नाही. दहा माणसांसमोर फलकावर एखाद्याने खोटे लिहिले, तर अकरावा त्याच्याच खाली ‘हे खोटे आहे, मी चौकशी केली’ असे लिहू शकतो, आणि पुढच्या प्रत्येकाला दोन्ही एकत्र दिसतात. खिशातल्या निरोपाखाली असे लिहायला जागा नसते.

आणि तरीही राईनपाड्याची गोष्ट आपल्याला आणखी एका ठिकाणी टोचली पाहिजे. त्या पाच जणांना मारले गेले ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. म्हणजे जागा होती, छप्पर होते, पाटीही होती. नव्हती ती चावडीची रीत, म्हणजे आधी विचारावे, ऐकून घ्यावे, मग ठरवावे ही सवय. तेव्हा नुसती जागा बांधून भागत नाही, हे माझ्या मताच्या विरुद्ध जाणारे असले तरी मान्य केले पाहिजे.

याहूनही गंभीर आक्षेप इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला नोंदवलाच पाहिजे. आपली जुनी चावडी सर्वांची कधीच नव्हती. अनेक गावांत दवंडी देण्याचे काम महार-मांग समाजातील माणसाकडे असे. गावभर निरोप पोहोचवणाऱ्या त्या माणसाला चावडीच्या ओट्यावर बसण्याचा अधिकार नव्हता. स्त्रियांनी तर तिकडे फिरकायचेही नाही. त्या मानाने आजचा गट कितीतरी उदार आहे. तिथे कोणी कोठे बसायचे हे ठरलेले नसते, लाजाळू मुलगीही घरबसल्या दोन ओळी लिहू शकते. म्हणून चावडीचे गोडवे गाऊन मागे जाण्याचा माझा विचार नाही. आपल्याला हवी ती चावडी नवी असली पाहिजे. तिच्यात येण्यासाठी कोणाची ओळख लागता कामा नये, आणि वाचण्यासाठी कोणाची परवानगी लागता कामा नये.

अशी जागा उभी करण्याचा एक प्रयोग पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेत झाला होता. बर्कली या विद्यापीठाच्या गावी लिओपोल्ड्स नावाचे ग्रामोफोनच्या तबकड्यांचे दुकान होते. तेथील भिंतीवरच्या फलकावर वादक मंडळी आपापले निरोप लावीत. १९७३ साली काही तरुणांनी त्या फलकाशेजारी संगणकाला जोडलेले एक टंकयंत्र ठेवले आणि त्याला ‘कम्युनिटी मेमरी’, म्हणजे समाजाची स्मृती, असे नाव दिले. कोणीही यावे, प्रश्न लिहावा, दुसऱ्याचा शोधावा, उत्तर जोडावे. वादकांनी साथीदार शोधले. कोणी चांगला बेगल नावाचा पाव कोठे मिळतो असे विचारले, तर कोणी तो करायला शिकवतो असे उत्तर दिले. सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्या आपल्या गावाला वादकांच्या दुकानातली ही गोष्ट परकी वाटू नये. त्या मुलांनी नाव मोठे नेमके ठेवले होते. निरोपाला स्मृती नसते, जागेला असते.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. आपल्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात, दाराजवळ, एक मोठी वही ठेवावी. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर. प्रश्नावर नाव घालण्याची सक्ती नसावी, कारण ज्याला विचारायची लाज वाटते त्यालाच बहुधा सर्वांत अधिक गरज असते. उत्तरावर मात्र वर्ग आणि तारीख हवी. उत्तर जुने झाले तर ते खोडून न टाकता त्यावर एक रेघ मारून खाली नवे लिहावे, म्हणजे नियम केव्हा बदलला तेही कळेल. वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी त्या वहीची विषयवार सूची करावी आणि वही कपाटात न टाकता नव्या वहीशेजारी ठेवावी. पूर येईल, वाळवी लागेल, म्हणून प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवावे. आणि गट? गट अवश्य राहू द्यावेत. गटावर प्रश्न आला की कोणीही एकाने वहीतल्या पानाचे छायाचित्र पाठवावे. उत्तर वहीत नसेल तर ते मिळवून आधी वहीत लिहावे आणि मग गटावर कळवावे. हाक गटावर, उत्तर वहीत.

‘वही वाचायला कोण जाणार?’ असे हसून म्हटले जाईल, हे मला ठाऊक आहे. पहिल्या महिन्यात कदाचित कोणी जाणार नाही. कोरी वही कोणालाच बोलावत नाही. म्हणून पहिली पन्नास पाने तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी भरून द्यावीत, असे मी सुचवतो. आपण तीन वर्षे येथे काढली. दाखल्यांसाठी तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, पुनर्मूल्यांकनाचे अर्ज केले, पासासाठी रांगा लावल्या, कमी पैशात खानावळी शोधल्या. यांतले प्रत्येकाने दहा गोष्टी लिहिल्या तरी पुरे. प्राध्यापकांनीही त्या पानांवरून अधूनमधून नजर फिरवावी. विद्यार्थ्यांना नेमके काय नडते हे त्यांना कोणत्याही बैठकीत कळणार नाही इतके तेथे कळेल.

या योजनेची कसोटी मोठी नाही. येत्या जूनमध्ये पहिल्या वर्षाला असा एखादा विद्यार्थी येईल, ज्याच्याकडे फोन नाही, जो कोणत्याच गटात नाही, ज्याचे गावात ओळखीचे कोणी नाही. त्याने कोणाचीही मनधरणी न करता वाचनकक्षाच्या दाराशी उभे राहून शिष्यवृत्तीचे पान उघडावे आणि त्याला हवे ते पाच मिनिटांत सापडावे. त्याला ते सापडले, तर वहीचा खर्च वसूल झाला असे समजावे.